भूल देताना बीपी आधी पडतं मग चढतं, असं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑपरेशनआधीच्या तपासण्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीच पत्रं फिरून एकाच जागी येतात: भुलीचं इंजेक्शन दिल्यापासून घशात ट्यूब जाईपर्यंत हृदयाचं आणि बीपीचं काय होतं. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतलेत, बाकीचे पुढच्या महिन्यात.

प्रश्न: मॅडम नमस्कार. वडील ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, आता घरी आहेत, भाकरी खायला लागलेत. इन्शुरन्ससाठी फाईलचे फोटो काढताना भुलीचा कागद हाती लागला, त्यात आधी १५०/९०, मग ८८/५०, त्यानंतर चार मिनिटांत १७२/१०० आणि मग १२० च्या आसपास असं लिहिलंय. भाऊ म्हणतो काहीतरी गडबड झाली आणि आपल्याला सांगितली नाही. खरं काय?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: गडबड नाही ओ, हे असंच होतं, फक्त एरवी कोणी कागद वाचत नाही.

आता बघा, झोप लागायला बहुतेक ठिकाणी जे देतात ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन म्हणजे प्रोपोफॉल, सोयाबीन तेलात मिसळलेलं असतं म्हणून तसं दिसतं. आपल्या रक्तवाहिन्या चोवीस तास थोड्या आवळलेल्या असतात, सिम्पथेटिक नसा ते काम करतात, आणि प्रोपोफॉलने नेमकी तीच पकड सैल होते. रक्त तेवढंच राहतं पण ते साठायला जागा वाढते. गल्लीत उजनीचं पाणी तेवढंच आलं आणि पाईप मात्र अचानक दुप्पट रुंद झाला तर नळाला जोर राहील का, तसंच. शिवाय हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि हृदयाचं आकुंचनही थोडं मंदावतं. एरवी बीपी पडलं की शरीर लगेच नाडी वाढवून सावरतं, पण प्रोपोफॉल ते सावरणंही दाबून टाकतं, त्यामुळे बीपी पडूनही नाडी फारशी वाढलेली दिसत नाही. आधीच्या आकड्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश खाली येणं हे तर नेहमीचंच, आणि तुमच्या वडलांचं वय, जुनं बीपी, गोळ्या, रात्रभराचा उपास हे सगळं त्यात धरलं तर ८८ ला मला नवल वाटत नाही.

मग १७२ कुठून आलं? ट्यूब घालायच्या आधी लॅरिंगोस्कोप म्हणून एक धातूचं पातं असतं, ते जिभेच्या मुळाशी घालून जबडा वर उचलावा लागतो तेव्हा कुठे स्वरयंत्र दिसतं. ही जागा नसांनी गच्च भरलेली आहे. माणूस झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही, आठवणारही नसतं, पण घशातून मेंदूच्या खालच्या भागाला खबर जाते आणि तिथून ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन सुटतं. काही सेकंदांत नाडी आणि बीपी चढायला लागतं, मिनिटभरात टोकाला पोचतं, आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप उतरतं. धडधाकट माणसाचं वरचं बीपी साधारण २०-२५ ने वाढतं, आधीपासून बीपी असलेल्यांचं त्याहून बरंच जास्त. रीड आणि ब्रेस यांनी हे १९४० मध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे ही काही नवी भानगड नाही.

तर ८८ हे औषधाचं, १७२ हे ट्यूबचं, आणि दोन्हींचा जोर ओसरल्यावर १२०. काळजी आकड्याची कमी आणि वेळेची जास्त करायची. ८८/५० चं सरासरी प्रेशर ६३ च्या आसपास येतं, ते ६५ च्या खाली बराच वेळ राहिलं तर किडनी आणि हृदयाला धोका वाढतो, दोन-चार मिनिटांत सावरलं तर सहसा काही होत नाही. त्याच कागदावर मेफेंटरमाइन किंवा फेनिलेफ्रिन असं काही लिहिलेलं सापडेल, ते बीपी वर आणायला दिलेलं असतं.

आणि भावाला म्हणावं, चढउतार आहे तसे लिहिलेत ही चांगलीच खूण आहे. दोन तासांच्या ऑपरेशनमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत १२०/८० अशी सरळ रेघ ओढलेला कागद दिसला की मला जास्त शंका येते.

प्रश्न: मी विडी कामगार आहे, पुढच्या महिन्यात पिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. सकाळी मिश्री लावल्याशिवाय मला काही सुचत नाही, पोटपण साफ होत नाही. त्या दिवशी थोडीशी लावली तर चालतंय का?
(एक वाचक, विडी घरकुल)

उत्तर: नाही ताई, त्या दिवशी नको, आदल्या दिवशीपण नको. मिश्रीतलं निकोटिन हिरडीतून थोड्या मिनिटांत रक्तात जातं आणि नाडी-बीपी वाढवतं, त्यावर परत ट्यूबचा धक्का, म्हणजे हृदयाला दुहेरी काम. निकोटिन शरीरातून बऱ्यापैकी लवकर उतरतं, त्यामुळे एक दिवस जरी बंद ठेवली तरी हृदयाला फरक पडतो. महिनाभर आधीपासून सोडलीत तर फारच बेस. पोटाचं म्हणाल तर कोमट पाणी प्या, पाण्याची वेळ खाली एका उत्तरात दिलीय. आणि भूलतज्ज्ञाला सांगताना लाजू नका, आम्हाला हे रोज ऐकायची सवय आहे, न सांगितलेलं मात्र नडतं.

प्रश्न: आईचं वय ७१. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, टूडी इकोत पंपिंग ३० टक्के आलंय. आता पडून खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशनशिवाय पर्याय नाही म्हणतायत. पुण्यातला चुलत भाऊ आयसीयूत ब्रदर आहे, तो म्हणतोय की भूल देणाऱ्यांना सांगा एटोमिडेटच द्या, प्रोपोफॉल हार्टला विष आहे. असं सांगितलं तर राग येईल का त्यांना? आणि भाऊ बरोबर आहे का?
(एक वाचक, अशोक चौक)

उत्तर: राग कशाला येईल, पण भाऊ अर्धाच बरोबर आहे.

आधी एक गोष्ट, खुब्याच्या ऑपरेशनला पुष्कळदा कमरेत इंजेक्शन देऊन किंवा नसेचा ब्लॉक देऊन काम होतं, ट्यूबची वेळच येत नाही. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, क्लोपिडोग्रेल वगैरे, तर मात्र कमरेतलं इंजेक्शन अडतं, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते तारखेसकट सांगा.

आता पूर्ण भूल द्यायचीच ठरली तर. एटोमिडेटचं कौतुक खरं आहे, किलोला ०.२ ते ०.३ एमजी दिलं की माणूस झोपतो आणि बीपी जवळपास हलत नाही, कारण ते सिम्पथेटिक नसांना हात लावत नाही आणि शरीराचं स्वतःचं सावरणं तसंच राहू देतं. पण मेख तिथेच आहे. नसा जाग्या राहिल्या म्हणजे ट्यूब घालतानाचा धक्काही पुरता लागतो, एटोमिडेट वेदना अजिबात दाबत नाही. आणि अटॅक येऊन गेलेल्या हृदयाला बीपी थोडं पडण्याइतकाच त्रास नाडी १३० ला जाण्याचा होतो, कारण नाडी वाढली की हृदयाला स्वतःला रक्त मिळायचा वेळच कमी होतो. म्हणून एटोमिडेट एकटं देत नाहीत, सोबत वेदना दाबणारं फेंटानिल लागतंच. शिवाय त्याचा एकच डोस ॲड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसॉल बनवणं कित्येक तास, कधी दिवसभर, दाबून ठेवतो, आणि झोप लागताना हातपाय झटकतात ते बघून नवखा नातेवाईक असता तर फिट आली म्हणून ओरडला असता.

प्रोपोफॉल विष नाही, विष असलंच तर डोस आणि घाई आहे. पंचविशीतल्या पोराला किलोला दोन-अडीच एमजी लागतं, तुमच्या आईला त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी पुरेल, तेही सावकाश, थोडं थोडं. ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांच्यात हातातून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. इंजेक्शन दिलं, पेशंटचे डोळे उघडेच, म्हणून अजून दिलं, अजून उघडेच म्हणून अजून, आणि मग मिनिटाभराने सगळं एकदम पोचतं आणि बीपी बसतं. थांबायची सवय असलेला भूलतज्ज्ञ कुठल्याही औषधाने हे निभावतो.

केटामाइन कोणी सुचवलं तर, ते उलटं आहे, बीपी आणि नाडी दोन्ही वाढवतं, त्यामुळे ब्लॉकेज असलेल्या हृदयाला सहसा पहिली पसंती नसते. थायोपेंटोन १९३४ पासूनचं जुनं औषध, त्याने बीपी पडतं आणि नाडी चढते, आता फारसं कोणी हातात घेत नाही.

तर औषधाचं नाव सुचवण्यापेक्षा माहिती द्या: इको रिपोर्ट, स्टेंट घातला असेल तर कधी, गोळ्यांची यादी, आणि पडायच्या आधी आई किती जिने चढत होत्या, रात्री सपाट झोपता येत होतं का. एक प्रश्न मात्र जरूर विचारा, झोप लागायच्या आधीच मनगटाच्या धमनीत नळी टाकून ठोक्या-ठोक्याला बीपी बघणार का. दंडाचा पट्टा दोन-तीन मिनिटांनी एकदा आकडा देतो, आणि या पाच मिनिटांत तेवढ्यात बरंच काही होऊन जातं.

प्रश्न: ऑपरेशन सकाळी दहाला होतं, रात्री दहापासून पाण्याचा थेंब नको म्हणून सांगितलं, मे महिना, लाईट गेलेली, घसा कोरडा पडला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं पाणी चाललं असतं. आणि टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल या गोळ्यांचं नेमकं काय करायचं, एक म्हणतो घ्या, एक म्हणतो घेऊ नका.
(एक वाचक, मोहोळ)

उत्तर: दुसरे डॉक्टर बरोबर. साधं जेवण सहा तास आधी बंद, तळलेलं किंवा मटण असेल तर आठ, दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरा, पण नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पोट नीट रिकामं होत असेल तर. सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत रात्रभर घाम गाळून, बारा तास पाण्याविना टेबलावर आलेल्या माणसाच्या अंगात पाणीच कमी असतं, मग प्रोपोफॉलने वाहिन्या सैल झाल्या की बीपी दुप्पट जोरात पडतं. रात्री बारापासून सगळं बंद हा फतवा अजून कितीतरी वॉर्डांत चालू आहे, सांगायला सोपा म्हणून, पण पेशंटच्या फायद्याचा नाही.

गोळ्यांचं असं की दोन्हींना वेगवेगळा नियम आहे म्हणून तुम्हाला वेगवेगळं ऐकू आलं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या अंगात असल्या तर भुलीनंतर पडलेलं बीपी नेहमीच्या इंजेक्शनांना लवकर दाद देत नाही, म्हणून बरेच भूलतज्ज्ञ त्या २४ तास आधी थांबवायला सांगतात, सगळेच नाही. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल मात्र रोज घेत असाल तर त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, ती अचानक सोडली की नाडी उसळते आणि ट्यूबच्या वेळी अजूनच. अम्लोडिपिन सहसा चालू ठेवतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका, स्ट्रिप घेऊन जा आणि कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. लहानपणी ऐकायचो की क्लोरोफॉर्म हुंगवला की काही माणसं टेबलावरच जायची. तेव्हा हृदय बंद पडायचं की श्वास?
(एक वाचक, नवी पेठ)

उत्तर: सर, या प्रश्नावर आपल्या शेजारच्या हैदराबादेत निजामाने पैसा पुरवून आयोग बसवले होते, १८८८ आणि १८८९ मध्ये. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की नाडीकडे नका बघू, श्वासाकडे बघा, हृदय नंतर थांबतं. कुत्र्या-माकडांवर शेकडो प्रयोग झाले आणि आयोगाने त्यांच्याच बाजूने कौल दिला. त्याच काळात तिथे डॉक्टर रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म द्यायच्या, जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं, आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल फारच कमी लोकांना माहीत आहे.

पण कौल पुरता खरा नव्हता. १९११ च्या सुमारास ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना ॲड्रिनलिन उसळलं की हृदयाची लय बिघडून ते जागच्या जागी नुसतं थरथरत राहतं आणि माणूस जातो. म्हणजे दोन्ही व्हायचं, जास्त भुलीत श्वास जायचा आणि कमी भुलीत हृदय. क्लोरोफॉर्म गेला, पण अर्धवट भुलीत घशाला हात लावायचा नाही हे अजून आम्ही पोरांना शिकवतोच.

प्रश्न: मुलगी चार वर्षांची, टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. तिचंही बीपी असं चढेल का?
(एक आई, मंगळवेढा)

उत्तर: लहान मुलांत भीती थोडी वेगळी, त्यांची नाडी मंदावू शकते. घशाला पातं लागल्याने, सक्सामेथोनियम नावाच्या औषधाने, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याने. लहान हृदय ठोके वाढवूनच काम भागवतं, त्यामुळे नाडी उतरली की बीपीही उतरतं. म्हणून नाडी वाढवणारं ॲट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असतं आणि ऑक्सिजनकडे आधी लक्ष असतं. बऱ्याचदा मुलांना सुई न टोचता मास्कमधून सेवोफ्लुरेन गॅस देऊन झोपवतात, तिला मास्कचा खेळ घरी दाखवून ठेवा.

प्रश्न: मॅम, मी ॲनेस्थेशियाचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. फेंटानिल दिलं, प्रोपोफॉल दिलं, तरी ट्यूब टाकली की बीपी १८०. सर म्हणतात प्लेन लाईट आहे, म्हणजे भूल अजून हलकी आहे, अजून प्रोपोफॉल दे. देतो, आणि दहा मिनिटांनी बीपी ८०. माझं काय चुकतंय?
(सोलापूर)

उत्तर: तुला अरे-तुरे करते, चालेल ना. तुझं औषध चुकत नाहीये, घड्याळ चुकतंय.

फेंटानिल किलोला २ मायक्रोग्रॅम दिलंस तरी त्याचा पुरता असर यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ते दिलंस, पाठोपाठ प्रोपोफॉल, पाठोपाठ रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) आणि दीड मिनिटात लॅरिंगोस्कोप हातात, तर फेंटानिल अजून वाटेतच आहे. ते सगळ्यात आधी दे आणि मग प्रीऑक्सिजनेशन कर, म्हणजे मास्कने आधी ऑक्सिजन भरून घे, तीन मिनिटं तशीही जाणारच आहेत. लिग्नोकेन शिरेतून किलोला दीड एमजी, ट्यूबच्या दीड ते तीन मिनिटं आधी, मदत होते पण फार भरवसा ठेवू नकोस. नाडीचीच भीती असेल तर एस्मोलॉल, दहाएक मिनिटांत निम्मं उतरतं म्हणून सोयीचं. डेक्समेडेटोमिडिन किलोला एक मायक्रोग्रॅम दहा मिनिटांत चालवलं तर छान बसतं, पण नाडी ४५ ला आणतं, हार्ट ब्लॉकवाल्याला देऊ नकोस.

मग रिलॅक्संट. व्हेक्युरोनियमला तीन मिनिटं लागतात, तीन म्हणजे तीन. अर्धवट सैल जबड्यात जोर लावून उचललंस की धक्का दुप्पट. बघणं १५ सेकंदांत उरकायचा प्रयत्न कर. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने जोर कमी लागतो, तरी धक्का पूर्ण जात नाही, ट्यूब स्वरयंत्रातून जातेच ना.

आता ते दहा मिनिटांनंतरचं ८०. प्रोपोफॉलचा मेंदूवरचा असर दोन मिनिटांत दिसतो, पण बीपीवरचा असर मागून येतो, तरुणात पाच-सहा मिनिटांच्या हिशोबाने आणि सत्तरीच्या माणसात जवळपास दुप्पट वेळाने. तू १८० बघून दुसरा डोस दिलास तेव्हा पहिल्याचा तळ अजून यायचा होता. त्यात ट्यूबचा धक्का आपोआप ओसरतो, आणि सर्जन अजून बीटाडीन लावून कपडे टाकतोय, चीर पंधरा मिनिटं लांब. वेदना शून्य, औषध डबल, बीपी ८० नाही येणार तर काय येणार. ट्यूबनंतरचं १८० दोन मिनिटं नुसतं बघ, गॅस थोडा वाढव, पेशंटला इस्किमिया (हृदयाला रक्त कमी पडणं) किंवा मेंदूत फुगलेली रक्तवाहिनी नसेल तर तेवढ्याने काही बिघडत नाही. सरांना हे माझं नाव न घेता सांग.

प्रश्न: काकांचं आतडं फुटलं होतं, रात्री एका दवाखान्यात नेलं, बीपी ८०. इमर्जन्सी म्हणायचं आणि तास-दीड तास नुसतं सलाईन आणि औषधं चालू, ऑपरेशन नंतर. हा उशीर कशासाठी?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर: तो उशीर नव्हता, तो उपचारच होता. अशा पेशंटचं ८० बीपीसुद्धा शरीराने सगळा ॲड्रिनलिनचा साठा पणाला लावून, वाहिन्या आवळून धरलेलं असतं. झोपेचं औषध ती आवळ सोडवतं, कुठलंही औषध, कारण झोप लागली की शरीराची धडपडच थांबते. वर व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, छातीतलं प्रेशर वाढतं आणि हृदयाकडे येणारं रक्त अजून कमी होतं. या दोन्हींमुळे ट्यूब टाकताच हृदय बंद पडू शकतं, आणि ही भीती पुस्तकी नाही. म्हणून आधी अँटिबायोटिक, सलाईन, नॉरॲड्रिनलिनचा ड्रिप, आणि बीपी जरा उभं राहिलं की मग भूल.

अशा वेळी केटामाइन जास्त वापरतात, कारण ते बीपी धरून ठेवतं, पण इथेही नेहमीच्या निम्म्याच डोसात, कारण ॲड्रिनलिनचा साठा संपलेल्या माणसात केटामाइन हृदयाला थेट मंदावतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. झोपेचं औषध कमी आणि स्नायू सैल करणारं मात्र पुरेपूर किंवा थोडं जास्तच, रक्ताचा वेग मंद असतो म्हणून.

थांबायचं नाही ते फक्त पोटात रक्तस्राव चालू असेल तेव्हा. तिथे सलाईन ओतून उपयोग नसतो, रक्ताच्या पिशव्या मागवायच्या, पेशंट टेबलावर जागा असतानाच पोट वरून साफ करून ऑपरेशनचे कपडे टाकायचे, सर्जन ग्लोव्ह घालून हातात चाकू घेऊन उभा, आणि मगच भूल, कारण औषधाने बीपी बसलं की रक्त वाहतंय ती वाहिनी मिनिटाभरात धरावी लागते.